फाइल सर्व्हरच्या किल्ल्या कुणाकुणाकडे?
परवानग्यांची तपासणी : व्यापारी व कारागीर बांधवांसाठी एक धडा

दुकान वाढवताना आपण किल्ल्या मोजतो. गोदामाची किल्ली कुणाकडे, तिजोरीची कुणाकडे, शटरची दुसरी किल्ली कोणत्या मुलाजवळ, हे मालकाला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येते. नोकर काम सोडून गेला की त्याच्याकडून किल्ली परत घेतली जाते. मनात शंका असेल तर कुलूपच बदलले जाते. ही सावधगिरी आपल्याला वाडवडिलांनी शिकविली आहे. परंतु ज्या संगणकात आज पेढीची खतावणी, उधारी, गिऱ्हाइकांचे दर, कामगारांची उचल आणि डिझाइने ठेवलेली असतात, त्याच्या किल्ल्या कुणाकुणाकडे आहेत असे विचारले तर बहुतेक बांधव विचारात पडतात. या लेखात आपण तीच मोजदाद कशी करावी हे पाहणार आहोत.

एका पेढीची हकीकत

आमच्या परिचयाची कापडाची एक घाऊक पेढी आहे. नाव-गाव सांगण्याची गरज नाही. पाच-सहा माणसे, चार संगणक. त्यांपैकी एका संगणकात सगळे फोल्डर ठेवलेले आणि बाकीचे तिघे तारेने त्याला जोडलेले. कोणत्या गिऱ्हाइकाला कोणत्या मालावर काय दर द्यायचा याची एक फाइलही त्यातच होती. एका हंगामात दुसऱ्या एका व्यापाऱ्याने मीटरमागे थोडेथोडे कमी दर लावून या पेढीची तीन जुनी गिऱ्हाइके नेली. दर इतके नेमके होते की आतली माहिती बाहेर गेली याबद्दल शेठजींना शंका उरली नाही. संशय नव्या तरुण हिशेबनिसावर गेला, कारण तोच दिवसभर संगणकावर बसे. पेढीत सर्वांचे लॉगिन एकच आणि पासवर्डही एकच होता. त्यामुळे त्याने फाइल नेली हे सिद्ध करता येईना आणि नेली नाही हेही सिद्ध करता येईना. लोकांच्या नजरा सहन न होऊन तो मुलगा नोकरी सोडून गेला.

पुढे काही महिन्यांनी संगणक बदलायचा होता म्हणून आम्ही तेथे बसलो होतो. जुन्या संगणकातील परवानग्यांची यादी उघडली तेव्हा दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या एका फिरत्या विक्रेत्याचे नाव तिच्यात तसेच राहिलेले दिसले, तेही पूर्ण अधिकारासह. दौऱ्यावर असताना दर पाहता यावेत म्हणून त्याच्यासाठी बाहेरून जोडणीची सोय केलेली होती. ती सोयही चालूच होती. दर त्यानेच नेले असे आम्ही आजही म्हणत नाही, कारण कुणी कधी फाइल उघडली याची नोंदच ठेवलेली नव्हती. परंतु दार दोन वर्षे उघडे होते आणि त्या मुलावर संशय घ्यायला काहीच आधार नव्हता, एवढे मात्र सर्वांच्या लक्षात आले. शेठजी त्याच्या घरी जाऊन माफी मागून आले. मुलगा काही परत आला नाही.

या हकीकतीतून घ्यायचा धडा असा की परवानग्यांची तपासणी केवळ चोर पकडण्यासाठी नसते. प्रामाणिक माणसावर खोटा आळ येऊ नये यासाठीही ती करावी लागते. ज्याच्या हाती एखादी वस्तू दिलीच नाही, त्याच्याकडे तिचा जाब कुणी मागू शकत नाही.

फाइल सर्व्हर म्हणजे काय?

नाव मोठे असले तरी गोष्ट साधी आहे. ज्या एका यंत्रात फाइली ठेवून इतर संगणकांवरून त्या वापरल्या जातात, ते यंत्र म्हणजे फाइल सर्व्हर. मोठ्या कंपनीत त्यासाठी वेगळी खोली असते. आपल्याकडे मुनीमजींच्या टेबलाखालचा साधा संगणक किंवा कोपऱ्यात ठेवलेली नॅस नावाची छोटी पेटी तेच काम करते. गूगल ड्राइव्हसारख्या सेवेवर फोल्डर ठेवून सर्वांना दिला असेल तर तोही या हिशेबाने आपला फाइल सर्व्हरच होय.

अशा यंत्रातील प्रत्येक फोल्डरला एक यादी चिकटलेली असते. कोणत्या नावाच्या माणसाने तो फक्त वाचावा, कुणी त्यात बदल करावा आणि कुणी इतरांना परवानगी देण्याचा अधिकारही बाळगावा, हे त्या यादीत लिहिलेले असते. ही यादी काढून, वाचून, प्रत्यक्ष गरजेशी ताडून पाहणे म्हणजेच परवानग्यांची तपासणी.

धोका नेमका कोठून येतो?

पहिला धोका माणसांचा. गेलेले नोकर, महिन्यातून एकदा येणारा संगणक दुरुस्तीवाला, बाहेरचा हिशेब तपासनीस, यांची नावे एकदा यादीत चढली की उतरत नाहीत. २०१३ साली अमेरिकेतील टार्गेट या मोठ्या दुकान-साखळीत चोर शिरले ते तिचे शीतयंत्रांचे काम करणाऱ्या एका ठेकेदाराचे लॉगिन चोरून. सुमारे ४ कोटी ग्राहकांच्या कार्डांची माहिती गेली. ठेकेदाराला दिलेली किल्ली कुठवर पोहोचते, याचा हिशेब राहिला नाही म्हणजे काय होते याचे हे उदाहरण आहे.

दुसरा धोका खंडणीच्या व्हायरसचा, ज्याला रॅन्समवेअर म्हणतात. हा व्हायरस फाइली कुलूपबंद करतो आणि किल्लीसाठी पैसे मागतो. त्याच्या कामाची रीत नीट समजून घ्यावी. ज्या माणसाच्या संगणकावर तो उघडला गेला, त्या माणसाचे अधिकार त्याला आपोआप मिळतात. गोदामातील मुलाने चुकून एखादे खोटे बिल उघडले आणि त्या मुलाला सर्व फोल्डरांत बदल करण्याची परवानगी असेल, तर व्हायरस सर्व्हरवरील खतावणीपासून डिझाइनपर्यंत सर्व काही बिघडवतो. त्याच मुलाला फक्त आवक-जावक फोल्डरात लिहिता येत असेल, तर नुकसान बहुधा तेवढ्यावर थांबते.

आणखी घातक प्रकार म्हणजे एका यंत्रावरून दुसऱ्यावर स्वतः पसरणारे व्हायरस. १२ मे २०१७ रोजी पसरलेल्या 'वॉनाक्राय'ने विंडोजमधील फाइल शेअर करण्याच्या जुन्या पद्धतीतील दोषाचा फायदा घेतला होता. त्या दोषावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी १४ मार्चला दिली होती. ज्यांनी ती बसविली नाही ते सापडले. पुढच्याच महिन्यात, २७ जूनला 'नॉटपेट्या' आला. युक्रेनमधील एका कर-हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून तो निघाला आणि संगणकाच्या स्मृतीत पडून राहिलेले व्यवस्थापकांचे पासवर्ड उचलून एका यंत्रावरून दुसऱ्यावर गेला. त्याचा फटका आपल्या न्हावाशेवा बंदरालाही बसला. मर्स्क समूहाकडे असलेल्या तेथील टर्मिनलचे काम विस्कळीत झाले. मर्स्कने आपले नुकसान २० ते ३० कोटी डॉलर होईल असा अंदाज दिला होता. कोण माणूस कोणत्या यंत्रात शिरू शकतो याची यादी सांभाळणारे त्या कंपनीचे सर्व्हरही जगभर नष्ट झाले. घानामधील कार्यालयात त्या वेळी वीज गेलेली असल्यामुळे तेथील एक तेवढा वाचला आणि त्याच्यावरून पुन्हा उभारणी झाली. एवढ्या मोठ्या कंपनीला वीज गेल्याने हात दिला. आपण मात्र अशा योगायोगावर विसंबून राहू नये.

तिसरा धोका कायद्याचा. आपल्या देशात २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यातील जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने लागू व्हायच्या आहेत. लोकांची माहिती सांभाळण्यासाठी वाजवी सुरक्षा न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद या कायद्यात आहे. लहान दुकानदाराला एवढा दंड होईल असे आम्ही म्हणत नाही. परंतु गिऱ्हाइकांचे फोन नंबर आणि कामगारांच्या आधार कार्डांच्या प्रती उघड्या फोल्डरात ठेवणे ही आता केवळ निष्काळजी राहिलेली नाही, एवढे ध्यानात असावे.

एका फोल्डरला दोन दरवाजे

विंडोजमध्ये फोल्डरला दोन दरवाजे असतात आणि येथेच पुष्कळांचा गोंधळ होतो. पहिला दरवाजा शेअरचा. दुसऱ्या संगणकावरून येणाऱ्याला तो लागतो. त्यावर वाचणे, बदल करणे आणि पूर्ण अधिकार असे तीन दर्जे असतात. दुसरा दरवाजा खुद्द फोल्डरचा. तो 'प्रॉपर्टीज'मधील 'सिक्युरिटी' या पानावर दिसतो आणि त्याचे दर्जे अधिक बारीक असतात. बाहेरून येणाऱ्याला दोन्ही दरवाजे ओलांडावे लागतात आणि दोहोंपैकी जो कडक असेल त्याचे चालते. पण जो माणूस त्याच संगणकासमोर बसला आहे त्याला फक्त दुसरा दरवाजा लागतो. म्हणून नुसता शेअर कडक करून भागत नाही.

आणखी तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. एक, माणूस दोन गटांत असेल तर दोन्ही गटांच्या परवानग्या एकत्र मिळतात. गोदाम गटात वाचण्याची आणि विक्री गटात बदलण्याची परवानगी असेल तर तो बदल करू शकतो. दोन, आतल्या फोल्डरला वरच्या फोल्डरची परवानगी वारशाने मिळते. वर सर्वांना मुभा असेल तर आत ठेवलेला पगाराचा फोल्डरही उघडाच राहतो. तीन, त्याच ड्राइव्हवर फाइल उचलून दुसऱ्या फोल्डरात टाकली तर ती जुन्या परवानग्या बरोबर घेऊन जाऊ शकते. बंद फोल्डरात फाइल टाकली म्हणजे ती सुरक्षित झाली असे मानू नये, परवानगी पुन्हा पाहावी.

तपासणी कशी करावी?

एखादा सुटीचा दिवस काढावा. सोबत वही किंवा एक्सेलचा तक्ता घ्यावा आणि पुढील क्रमाने जावे.

१) कोणते फोल्डर शेअर केले आहेत ते लिहा. 'कॉम्प्युटर मॅनेजमेंट' उघडून 'शेअर्ड फोल्डर्स' आणि त्यात 'शेअर्स' पाहा. तेथे सर्व यादी मिळते. नावाच्या शेवटी डॉलरची खूण असलेले शेअर इतरांना दिसत नाहीत, पण नाव माहीत असेल आणि परवानगी असेल तर उघडतात. त्यांपैकी काही विंडोजने व्यवस्थापकासाठी स्वतः केलेले असतात. आपल्याकडील कुणी केलेले असेल तर ते का केले हे विचारा. लपविणे म्हणजे कुलूप लावणे नव्हे.

२) माणसांची यादी काढा आणि हजेरीपटाशी ताडा. जो आज कामावर नाही त्याचे खाते आजच बंद करा. लगेच पुसून टाकू नका. खाते पुसले तर परवानग्यांच्या यादीत त्याच्या नावाऐवजी 'एस-१-५-२१' अशी सुरुवात असलेला लांबलचक आकडा उरतो आणि तो कुणाचा होता हे कळत नाही. असे आकडे आधीच दिसत असतील तर ते जुन्या पुसलेल्या खात्यांचे अवशेष असू शकतात. खात्री करून काढून टाका. व्यवस्थापकांच्या गटात, म्हणजे 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स'मध्ये कोण कोण आहे हे निराळे पाहा. तेथे एक-दोन नावांपेक्षा जास्त असण्याचे कारण नाही. रोजचे काम त्या खात्यावरून करू नये.

३) प्रत्येक फोल्डरपुढे चार रकाने करा : कुणाला परवानगी आहे, किती आहे, कामासाठी किती लागते आणि ही गरज कुणी सांगितली. चौथा रकाना भरता आला नाही तर ती परवानगी बहुधा नको असलेलीच असते.

४) 'एव्हरीवन', 'युजर्स', 'ऑथेंटिकेटेड युजर्स' ही नावे कोठे आहेत ते शोधा. पहिल्याचा अर्थ सगळेच. घाईत फोल्डर शेअर करताना हेच नाव टाकले जाते आणि पुढे तसेच राहते.

५) आतले फोल्डरही उघडून पाहा. पगार, दर, बँक, आधारच्या प्रती अशा नाजूक फोल्डरांचा वारसा तोडून त्यांना स्वतंत्र परवानगी द्या. त्याहून बरे म्हणजे त्यांना वरच्या पातळीवर वेगळीच जागा द्यावी, म्हणजे पुढे तपासणी सोपी जाते.

६) 'सिक्युरिटी'मधील 'अ‍ॅडव्हान्स्ड' येथे 'इफेक्टिव्ह अ‍ॅक्सेस' असे पान असते. तेथे माणसाचे नाव टाकले की त्याला प्रत्यक्षात काय करता येते ते दिसते. एवढ्यावरही न थांबता त्या माणसाच्या संगणकावर बसून फोल्डर उघडून पाहा. कागदावर बंद आणि प्रत्यक्षात उघडा असा प्रकार आम्ही अनेकदा पाहिला आहे.

७) बदल करण्यापूर्वी बॅकअप घ्या आणि जुन्या परवानग्या लिहून ठेवा. एका वेळी एकाच फोल्डरला हात लावा. यादीतील 'सिस्टिम' हे नाव अनोळखी वाटले म्हणून काढू नका, ते काढले तर बॅकअप व इतर कामे अडतात.

८) वहीवर तारीख टाकून सही करा. दर तीन महिन्यांनी आणि ज्या दिवशी एखादा माणूस काम सोडेल त्या दिवशी पुन्हा पाहा.

नॅस पेटी असेल तर हीच कामे तिच्या स्वतःच्या पानावर करावीत. पेटीबरोबर आलेले व्यवस्थापकाचे खाते बंद करून स्वतःचे नवे करावे आणि पेटी थेट इंटरनेटवर उघडी ठेवू नये. जानेवारी २०२२ मध्ये 'डेडबोल्ट' नावाच्या खंडणीच्या व्हायरसने क्यूनॅप कंपनीच्या अशाच उघड्या पेट्या गाठल्या होत्या. गूगल ड्राइव्हवर 'लिंक असलेला कोणीही' ही निवड कोठे आहे ते शोधून बदलावे. व्हॉट्सअ‍ॅपवर गेलेली लिंक कुणाच्या हाती पोहोचेल याचा भरवसा नसतो.

कुणाला किती द्यावे?

यासाठी संगणकशास्त्रात एक जुने तत्त्व आहे. अमेरिकेतील जेरोम साल्ट्झर आणि मायकेल श्रोडर या दोन अभ्यासकांनी १९७५ सालच्या आपल्या निबंधात ते मांडले. प्रत्येकाला त्याच्या कामापुरताच कमीत कमी अधिकार असावा, असा त्याचा आशय आहे. यंत्रमागाच्या एका पेढीचे उदाहरण घेऊन ते असे लावता येईल.

खतावणी व उधारी : मुनीमजींना बदल करण्याची परवानगी, मालकाला वाचण्याची.
गिऱ्हाईकनिहाय दर : मालकाला बदल, विक्री करणाऱ्यांना फक्त वाचन, तेही आपापल्या गिऱ्हाइकांपुरते वेगळे फोल्डर करून.
सुताची व ग्रे कापडाची आवक-जावक : गोदामवाल्यांना बदल, मुनीमजींना वाचन.
पगार व उचल : मालक आणि मुनीमजी, बाकी कुणी नाही.
बॅकअप : कोणत्याही माणसाच्या रोजच्या खात्याला नाही. त्यासाठी वेगळे खाते, आणि एक प्रत काढून ठेवलेल्या डिस्कवर. कायम जोडून ठेवलेली डिस्क व्हायरसच्या हातात आयती पडते.

येथे मालकाला खतावणीत फक्त वाचनाची परवानगी पाहून काहींना आश्चर्य वाटेल. पण मालकाच्याच संगणकावर सर्वांत जास्त अनोळखी ईमेल येतात. त्याच्या हातून चूक झाली तर नुकसान सर्व पेढीचे होते. मालकी आपली आहेच, ती सिद्ध करण्यासाठी रोजच्या खात्याला पूर्ण अधिकार असण्याची गरज नाही.

परवानग्या एकेका माणसाच्या नावाने न देता कामाच्या गटाला द्याव्यात. विक्री, गोदाम, हिशेब असे गट करावेत. माणूस बदलला की त्याला गटातून काढले आणि नवा घातला, एवढ्यात काम होते. शंभर ठिकाणी नाव शोधत बसावे लागत नाही.

उघडल्याची नोंद

परवानगी नीट केली तरी कुणी काय उघडले याची नोंद हवी. विंडोजच्या प्रो आवृत्तीत ती सोय आहे, पण दोन ठिकाणी चालू करावी लागते. आधी 'लोकल सिक्युरिटी पॉलिसी'मध्ये फाइलींच्या वापराची नोंद चालू करायची आणि मग ज्या फोल्डरची नोंद हवी त्याच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड'मधील 'ऑडिटिंग' पानावर नावे टाकायची. एकच केले तर काही लिहिले जात नाही. नंतर 'इव्हेंट व्ह्यूअर'मध्ये ४६६३ क्रमांकाखाली फाइल वापरल्याच्या, ४६६० खाली पुसल्याच्या आणि ४६७० खाली परवानगी बदलल्याच्या नोंदी दिसतात. सर्वच फोल्डरांवर ही नोंद लावू नये, नोंदींचा ढीग होऊन कामाची नोंद सापडत नाही. दर, पगार आणि खतावणी एवढ्यावर पुरे. ज्या कंपन्यांना सर्ट-इन या सरकारी यंत्रणेचे एप्रिल २०२२ चे निर्देश लागू होतात, त्यांना अशा नोंदी १८० दिवस ठेवाव्या लागतात आणि हल्ला लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावे लागते. या सर्वांचा उपयोग तेव्हाच होईल, जेव्हा प्रत्येकाचे लॉगिन वेगळे असेल. पाच जणांचा एक पासवर्ड असेल तर नोंदीत पाचांचे एकच नाव दिसणार.

कारागीर बांधवांसाठी दोन शब्द

हा विषय फक्त मोठ्या पेढ्यांचा आहे असे आपल्या कारागीर बांधवांनी समजू नये. संगणकावर चालणाऱ्या भरतकाम यंत्राची किंवा लाकडावर कोरणाऱ्या यंत्राची डिझाइन फाइल हे आजचे भांडवल आहे. पूर्वी उस्ताद आपला नमुना पेटीत ठेवीत. आज तोच नमुना पेन ड्राइव्हमध्ये घालून क्षणात नेता येतो. यंत्र चालविणाऱ्या मुलाला त्या दिवशीच्या कामाचा फोल्डर वाचण्यापुरता द्यावा. सर्व डिझाइनांचा मूळ संग्रह निराळ्या खात्यात ठेवावा.

'सगळी घरचीच माणसे'

ही सूचना केली की शेठ लोकांचे उत्तर ठरलेले असते : "अहो, सगळी घरचीच माणसे आहेत, कुणापासून काय लपवायचे?" त्यांच्या मनाचा मोठेपणा आम्हाला मान्य आहे. पण घरच्या माणसाचाही मोबाइल हरवतो, घरच्या माणसाच्या हातूनही चुकीचे बटण दाबले जाते, आणि आळ आला तर तोही घरच्याच माणसावर येतो. अमानत सोपविताना ती मोजून सोपवावी आणि मोजून परत घ्यावी, हा आपल्या व्यवहाराचा जुना दंडक आहे. त्यात घेणाऱ्याचीही अब्रू राखली जाते. वर सांगितलेल्या त्या हिशेबनिसाच्या वेळी हा दंडक संगणकाला लावला असता तर शेठजींना माफी मागायला जावे लागले नसते.

तेव्हा व्यापारी व कारागीर बांधवांना आमची विनंती आहे की येत्या सुटीच्या दिवशी निदान दोन कामे करावीत. सोडून गेलेल्यांची खाती बंद करावीत आणि उरलेल्या प्रत्येकाला स्वतःचे वेगळे लॉगिन द्यावे. बाकीच्या पायऱ्या मग एकेक करून घेता येतील.